बॉस्टन चार दिवसांत: लाल रेघ, साडेबावीस डॉलरचा पास आणि न घेण्याची तिकिटं

बॉस्टन कॉमन या मैदानातल्या माहिती केंद्रापाशी फरसबंदीत एक लाल पट्टी सुरू होते. जेमतेम दोन विटांच्या रुंदीची. फुटपाथवर विटा, रस्ता ओलांडताना नुसता लाल रंग, पलीकडे पुन्हा विटा. ही पट्टी अडीच मैल, म्हणजे साधारण ४ किलोमीटर, शहरातून वळणं घेत चार्ल्सटाउनमधल्या बंकर हिलच्या स्मारकापर्यंत जाते. वाटेत १६ ऐतिहासिक ठिकाणं, बहुतेक ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेली. हाच फ्रीडम ट्रेल. विल्यम स्कोफिल्ड नावाच्या पत्रकाराने १९५१ मध्ये सुचवलं की विखुरलेली ही ठिकाणं एका पायवाटेने जोडा, आणि शहराने ते मनावर घेतलं. रेघेवर चालायला तिकीट नाही, फाटक नाही, वेळेचं बंधन नाही.

बॉस्टनला तीन-चार दिवस जाणारा माणूस साधारण पाच गोष्टींवर पैसे खर्च करू शकतो: ट्रेलवरच्या इमारतींची प्रवेश तिकिटं, ऐतिहासिक पोशाखातल्या वाटाड्याबरोबरची फेरी, चढा-उतरा ट्रॉली, आकर्षणांचा एकत्रित पास आणि सार्वजनिक वाहतुकीचा पास. निकाल आधीच सांगून टाकतो. ट्रेलला पाचपैकी साडेचार, वाहतुकीच्या पासला पूर्ण पाच, वाटाड्याच्या फेरीला साडेतीन, ट्रॉलीला दोन. एकत्रित पासला गुण देता येत नाहीत, तिथे कागद-पेन घेऊन बसावं लागतं. पण या सगळ्यांपेक्षा जास्त फरक पडतो तो तुम्ही कोणत्या वारी पोचता याने.

वारांचा घोळ असा. सोनेरी घुमटाचं मॅसेच्युसेट्स स्टेट हाउस आतून बघायचं तर सोमवार ते शुक्रवारच. शनिवार-रविवारी दार बंद. यूएसएस कॉन्स्टिट्यूशन ही युद्धनौका बहुतेक काळ सोमवारी बंद. गार्डनर संग्रहालय आणि ललित कला संग्रहालय मंगळवारी बंद. किंग्ज चॅपल आणि ओल्ड नॉर्थ ही दोन्ही अजून चालती चर्चं आहेत, त्यामुळे रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, पर्यटकांनी नंतर यावं. हेमार्केटचा भाजी-फळांचा रस्त्यावरचा बाजार फक्त शुक्रवार-शनिवारी. आणि उपनगरी रेल्वेचा १० डॉलरचा अमर्याद पास फक्त शनिवार-रविवारचा. हे सगळं एकमेकांवर ठेवून पाहिलं की एकच खिडकी नीट उघडते: गुरुवार ते रविवार. सोमवार-मंगळवार धरून आखलेल्या सहलीत काही ना काही हमखास हुकतं.

आधी वाहतूक, कारण तो खर्च टाळता येत नाही. भुयारी रेल्वेला इथे सगळे नुसतं 'टी' म्हणतात. एका प्रवासाला २.४० डॉलर. एका दिवसाचा पास ११ डॉलर. सात दिवसांचा २२.५०. आता हिशेब करा: दिवसाचा पास वसूल व्हायला त्या दिवशी पाच वेळा चढावं लागतं, आणि चालत फिरण्याच्या या शहरात ते क्वचितच होतं. सात दिवसांचा पास दहाव्या प्रवासाला वसूल होतो. म्हणजे तीन दिवस राहणाऱ्यानेही सात दिवसांचाच घ्यावा. तीन सुटे दिवस ३३ डॉलरला पडतात. यंत्रावर 'एक दिवस' हे बटण बघून तेच दाबणारे पर्यटक रोज दिसतात. दारावर बँकेचं कार्ड टेकवूनही आत जाता येतं, एखाद-दुसऱ्या प्रवासाला ते सोयीचं आहे, पण दर वेळी २.४० कापले जातात. बरेच प्रवास झाले म्हणून पासाची सवलत आपोआप लागू होत नाही. अकरा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

पास कागदी तिकिटावर घ्या. त्याचं कारण फेरीबोट. लाँग वॉर्फच्या धक्क्यावरून चार्ल्सटाउन नेव्ही यार्डला जाणारी छोटी बोट याच पासात येते, आणि तिथे पास माणसाला दाखवायचा असतो. सुटं तिकीट काढलं तर ३.७० डॉलर. दहा मिनिटांचा प्रवास, वरच्या मजल्यावर उघड्यावर बसायची सोय, समोर अख्खं शहर. बंदरातल्या सहलीच्या महागड्या बोटींवरून दिसतं त्यातलं बरंचसं इथूनही दिसतं.

टीची सेवा स्वतः मात्र तीन गुणांची. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्गाचा एखादा तुकडा बंद ठेवून बस लावतात. तो फलक आदल्या रात्री बघून ठेवला की घाई होत नाही. दिशा 'इनबाउंड' आणि 'आउटबाउंड' अशा लिहिलेल्या असतात. इनबाउंड म्हणजे पार्क स्ट्रीट-डाउनटाउन क्रॉसिंगच्या बाजूला, आउटबाउंड म्हणजे तिथून लांब. स्वतः मध्यावरच उभं असलं की हे शब्द निरुपयोगी, तिथे शेवटच्या स्टेशनचं नाव बघायचं. कॉप्ली स्टेशनात तर दोन्ही दिशांची दारं रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत आणि आतून फलाट बदलता येत नाही. चुकीच्या जिन्याने उतरलात तर पुन्हा वर येऊन रस्ता ओलांडा. ग्रीन लाइनच्या बी, सी, डी, ई अशा चार शाखा आहेत, डब्यावरचं अक्षर वाचल्याशिवाय चढू नये. बॉयल्स्टन स्टेशनाजवळच्या काटकोनी वळणावर चाकं कानठळ्या बसतील अशी किंचाळतात. बिघाड नव्हे, १८९७ साली सुरू झालेलं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं भुयारी रेल्वेचं भुयार आहे ते, आणि तेव्हा रस्ता जिथे वळला तिथेच रूळही वळवले.

आता ट्रेल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोळाच्या सोळा ठिकाणं एका दिवसात उरकणं. नकाशावर ४ किलोमीटर म्हणजे काहीच नाही वाटतं. सकाळी अकराला निघालेली मंडळी दुपारी दोनपर्यंत फॅन्युएल हॉलला पोचतात, तिथे जेवतात, नॉर्थ एंड या इटालियन वस्तीच्या गल्ल्यांत रेंगाळतात आणि पूल ओलांडून बंकर हिलला पोचेपर्यंत वर चढण्याची वेळ संपलेली असते. जहाजही बंद. राहिलेला असतो तो परतीचा कंटाळवाणा रस्ता. उपाय सोपा: ट्रेलचे दोन तुकडे करा आणि दुसरा तुकडा उलटा चाला.

पहिला तुकडा गुरुवारी. बॉस्टन कॉमन १६३४ पासूनचं सार्वजनिक मैदान, ५० एकरांचं. त्याच्या डोक्यावर १७९८ चं स्टेट हाउस, चार्ल्स बुलफिंचने आखलेलं. घुमट मुळात लाकडी फळ्यांचा. गळायला लागल्यावर १८०२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातला नामांकित कारागीर पॉल रिव्हिअर याच्या कारखान्याचा तांब्याचा पत्रा चढवला, सोन्याचा वर्ख १८७४ मधला. आत कनिष्ठ सभागृहात सज्जासमोर लाकडात कोरलेला कॉड मासा टांगलेला आहे, राज्याच्या मासेमारीची आठवण म्हणून. रस्त्याच्या पलीकडे मैदानाच्या कडेला कर्नल शॉ आणि त्याच्या ५४ व्या पलटणीचं कांस्यशिल्प आहे, सेंट-गॉडन्सचं, १८९७ चं. यादवी युद्धात लढलेली ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण. बरेच लोक घुमटाचा फोटो काढताना या शिल्पाकडे पाठ करून उभे असतात. बीकन हिलवरचा ब्लॅक हेरिटेज ट्रेल इथूनच सुरू होतो आणि १८०६ च्या आफ्रिकन मीटिंग हाउसपाशी संपतो. तासभर हाताशी असेल तर तो घ्याच, गर्दी जवळपास नसते.

ग्रॅनरी दफनभूमी फुकट. सॅम्युअल अॅडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हिअर आणि ब्रिटिश सैनिकांनी १७७० मध्ये केलेल्या गोळीबारातले पाच बळी इथे आहेत. मधोमध सर्वांत उंच दगडावर 'फ्रँकलिन' कोरलेलं दिसतं आणि लोक बेंजामिन सापडला म्हणून फोटो काढतात. ते त्याच्या आई-वडिलांचं स्मारक. तो स्वतः फिलाडेल्फियात आहे.

पैसे खर्च करायचे तर ओल्ड साउथ मीटिंग हाउस आणि ओल्ड स्टेट हाउस या जोडीवर. दोन्ही एकाच संस्थेची, तिकीट एकत्र. १६ डिसेंबर १७७३ ला ब्रिटिशांच्या चहावरच्या करावरून सुमारे ५००० माणसं ओल्ड साउथमध्ये आणि बाहेर जमली होती, आणि तिथून निघालेल्या जमावाने चहाच्या ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या केल्या. बंदरातल्या चहाच्या जहाजांचं जे संग्रहालय आहे तिथे जहाजं नक्कल आहेत, आणि जागाही मूळची नव्हे, कारण मूळ धक्का भराव घालून कधीच जमिनीत गेला. तिथे नट प्रेक्षकांकडून घोषणा वदवून घेतात आणि दोरीने बांधलेली पेटी पाण्यात टाकायला देतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ते फार आवडतं. मुलं बरोबर नसतील तर त्या तिकिटापेक्षा ओल्ड साउथची लाकडी बाकं जास्त बोलतात.

ओल्ड स्टेट हाउस १७१३ चं. काचेच्या मनोऱ्यांच्या पायाशी बसलेली विटांची इमारत, छतावर इंग्लंडचा सिंह आणि युनिकॉर्न. सज्जाखाली फुटपाथवर गोल दगडी खूण आहे: ५ मार्च १७७० च्या गोळीबाराची. याच सज्जातून १८ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. आणि याच इमारतीच्या पोटात टीच्या स्टेट स्टेशनचं दार आहे. तीनशे वर्षांच्या भिंतीतून लोक कामाच्या बॅगा घेऊन फलाटावर उतरतात.

फॅन्युएल हॉल, १७४२. इथे गल्लत ठरलेली: मागची लांबलचक खाण्यापिण्याची इमारत म्हणजे क्विन्सी मार्केट, ती १८२६ ची. खरा हॉल पुढचा, छतावर टोळाच्या आकाराची वातकुक्कुटी असलेला. वरच्या मजल्यावरचं सभागृह फुकट बघता येतं, फक्त एखादा कार्यक्रम असेल तर बंद.

वाटाड्याची फेरी याच पहिल्या तुकड्यावर चालते. दीड तास, १६ पैकी ११ ठिकाणं, कॉमनपासून फॅन्युएल हॉलपर्यंत, आणि एकाही इमारतीच्या आत नाही. नॉर्थ एंड आणि चार्ल्सटाउन त्यात येतच नाहीत, हे तिकीट काढताना बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गोष्टी सांगणारे कसबी असतात, इतिहास अगदीच नवा असेल तर पैसे वाया जात नाहीत, पण गटाच्या मागे राहिलात तर बसच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही.

गुरुवारची संध्याकाळ गार्डनर संग्रहालयासाठी ठेवा, त्या दिवशी ते रात्रीपर्यंत उघडं असतं. वेळ ठरवून आधी तिकीट काढावं लागतं. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेशातल्या दोघांनी इथून १३ कलाकृती नेल्या. आजवर एकही परत आलेली नाही. मांडणी बदलू नये असं मालकिणीच्या मृत्युपत्रात असल्यामुळे रिकाम्या चौकटी आहेत तिथेच टांगलेल्या आहेत. डच खोलीत चौकटीच्या आतून दिसणारी ती मागची भिंत बघताना सगळे आपोआप हळू बोलायला लागतात.

शुक्रवारी लाँग वॉर्फवरून सकाळची बोट पकडा. यूएसएस कॉन्स्टिट्यूशन १७९७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही अमेरिकी नौदलाच्या यादीत आहे. तरंगणाऱ्या सेवारत युद्धनौकांत जगातली सर्वांत जुनी. प्रवेश फुकट, पण नौदलाची तपासणी असते आणि अठरा वर्षांवरच्यांना फोटो ओळखपत्र लागतं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलेले लोक याच दारातून परत जातात. खालच्या तोफांच्या मजल्यावर उतरायच्या शिड्या उभ्या आणि छत बुटकं. पाठीवरची मोठी बॅग नकोच. शेजारचं संग्रहालय वेगळं, तिथे ऐच्छिक देणगी.

बंकर हिलचा मनोरा २२१ फूट, २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. दगडी गोल जिना, चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेने. वरच्या खिडक्या लहान आहेत, देखावा बेताचा. गुडघे कुरकुरत असतील तर खाली हिरवळीवर बसून राहिलात तरी फार काही हुकत नाही. १७ जून १७७५ ची लढाई मुळात याच टेकडीवर झाली, पण टेकडीचं नाव ब्रीड्स हिल; बंकर हिल शेजारची. ब्रिटिश जिंकले, हजारावर माणसं ठार-जखमी करून घेऊन.

उलटं चालण्याचा फायदा इथे कळतो. चढाईचं काम ताज्या पायांनी झालेलं असतं, पुढची वाट उताराची, आणि पूल ओलांडला की दुपारच्या जेवणाच्या वेळेला नॉर्थ एंड. पुलावर सावली नाही, वारा मात्र भरपूर. एप्रिलमध्येही कानटोपी लागते. कॉप्स हिल दफनभूमीत डॅनियल माल्कमच्या दगडावर गोळ्यांच्या खुणा शोधा. ओल्ड नॉर्थ चर्च १७२३ चं, १८ एप्रिल १७७५ च्या रात्री याच्याच मनोऱ्यात, ब्रिटिश फौज निघाल्याची खूण म्हणून, दोन कंदील लावले गेले. आत बाकांऐवजी दार असलेले उंच लाकडी कप्पे आहेत, थंडीत ऊब धरून ठेवण्यासाठी. तिकीट आहे, आणि ते घ्यावं. पॉल रिव्हिअरचं घर साधारण १६८० चं, लहान, वीस-पंचवीस मिनिटांत संपतं, तिकीटही किरकोळ. दुपारी शाळांच्या सहली आल्या की अरुंद जिन्यावर रांग थांबते.

खाण्याबाबत शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: इथल्या क्लॅम चाउडरमध्ये शिंपल्यांशिवाय बहुधा डुकराचं खारवलेलं मांसही असतं, आणि नुसतीच वालाची उसळ वाटणाऱ्या बॉस्टन बेक्ड बीन्समध्येही तेच. विचारून घ्या. नॉर्थ एंडच्या हॅनोव्हर स्ट्रीटवर पिझ्झा-पास्त्यात सुटका होते, वर कॅनोली ही इटालियन मिठाई. बिलावर ७ टक्के कर आणि तुमच्या हाताने १८ ते २० टक्के टिप, म्हणजे मेन्यूवरची किंमत सव्वापट धरायची. हॉटेलच्या खोलीवर करांचा बोजा १५ टक्क्यांच्या आसपास जातो, संकेतस्थळावरच्या पहिल्या आकड्यात तो नसतो.

ट्रॉलीला दोनच गुण का? कारण नॉर्थ एंडच्या गल्ल्यांत ती शिरत नाही, दुपारी वाहतुकीत अडकते, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास संपते. उतरून पुन्हा चढायचं तर पुढची गाडी भरलेली असू शकते. पाऊस असेल किंवा बरोबर फार चालू न शकणारी माणसं असतील, तर न उतरता एक पूर्ण फेरी मारायला ती चांगली. भाड्याची गाडी घेण्याचा विचारही नको. जुन्या शहराचे रस्ते द्वीपकल्पाच्या काठाकाठाने वळलेले, त्यात एकेरी. भरावावर वसलेल्या बॅक बेमध्ये मात्र आर्लिंग्टन, बर्कली, क्लॅरेंडन, डार्टमथ असे आडवे रस्ते वर्णानुक्रमाने हियरफर्डपर्यंत जातात, तिथे चालणारा माणूस चुकूच शकत नाही.

एकत्रित पासचं गणित असं करा. ठिकाणं दहा ते पाच उघडी, प्रत्येकाला दीड तास आणि मधला प्रवास धरला की दिवसाला तीन होतात, चार नाही. मत्स्यालय, उंचावरचा सज्जा, फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानाची फेरी, बंदरातली बोट यांपैकी जी पास नसतानाही तुम्ही बघितली असती, फक्त त्यांच्याच दाराच्या किमती बेरजेत धरा. फ्रीडम ट्रेलवर किती काही फुकट आहे हे बघता ही बेरीज बहुतेकांची पासाखालीच राहते. मुलांचं कुटुंब आणि पावसाळी हवा असेल तर उलटंही होईल.

शनिवारी शहराबाहेरचं कॉन्कॉर्ड गाव. नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग मार्गाची गाडी, पाऊण तासाच्या आत. आठवड्याच्या मधल्या दिवशी एका बाजूचे ९.७५ डॉलर पडतात. शनिवार-रविवारी १० डॉलरात दोन्ही दिवस हवं तितकं. टीचा सात दिवसांचा पास इथे चालत नाही. स्टेशनपासून नॉर्थ ब्रिज अडीच किलोमीटरच्या आसपास, पायी सरळ रस्ता. १९ एप्रिल १७७५ ला, स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, इथे गोळ्या झाडल्या गेल्या. आताचा लाकडी पूल नंतर बांधलेला, पण पुलाच्या टोकाशी दगडी भिंतीत ब्रिटिश सैनिकांची कबर आहे, तिथे अजून छोटा झेंडा रोवलेला असतो. परतीच्या गाड्या विरळ आहेत. वेळापत्रकाचा फोटो काढूनच स्टेशनबाहेर पडा, नाहीतर फलाटावर दोन तास जातात. याच पासावर रविवारी सेलम हे चेटकिणींच्या खटल्यांचं गावही होतं. ऑक्टोबरात, हॅलोविनच्या गर्दीत, मात्र त्या गाडीत उभं राहायला जागा नसते.

सेलम नको असेल तर रविवार सैल ठेवा. कॉप्लीचं सार्वजनिक वाचनालय, १८९५ चं, फुकट. आतला कारंज्याचा चौक बसायला उत्तम आणि शहरातलं सगळ्यात भरवशाचं स्वच्छतागृहही तिथेच. मग रेड लाइनने हार्वर्ड. तिथली कला संग्रहालयं २०२३ पासून सगळ्यांना फुकट आहेत.

विमानतळावरून शहरात येताना सिल्व्हर लाइनची एसएल-१ बस फुकट आहे, साउथ स्टेशनला रेड लाइनही त्यातच मिळते. जाताना मात्र भाडं लागतं. सात दिवसांचा पास तेव्हाही जिवंत असतो, म्हणून तो शेवटच्या दिवशी हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.